दोन किडन्यांचा वेगवेगळा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक माणूस ओपीडीत आला. वय अडतीस. तक्रार म्हणाल तर काहीच नाही. कुठल्या तरी तपासणीत रक्तदाब जास्त निघाला म्हणून त्याला पाठवले होते. डाव्या कुशीवर हात ठेवला तेव्हा म्हणाला, "जरासं जड लागते मॅडम, बाकी काई नाई." मग विचारता विचारता जुनी गोष्ट निघाली. "दोन वर्षांआधी लई दुखे. गडबडा लोळत होतो. सोनोग्राफीत खडा निंगाला होता. मंग दुखनं आपोआप बंद झालं. म्हटलं, खडा पडून गेला असंन. मंग कायले याव दवाखान्यात?"

रक्त तपासले. क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मल. अहवाल पाहून तो उठायलाच लागला होता. सोनोग्राफीत मात्र डावी किडनी फुग्यासारखी फुगलेली दिसली. खडा पडून गेलेला नव्हता. मूत्रवाहिनीत जिथे अडकला होता तिथेच होता. त्याला नागपूरला रीनल स्कॅनसाठी पाठवले. अहवाल आला तो असा: उजवी किडनी ९२ टक्के, डावी ८ टक्के.

दुखणे थांबले होते ते खडा गेल्यामुळे नव्हे. अडथळा सहन करता करता डाव्या किडनीने लघवी तयार करणेच जवळजवळ सोडून दिले होते. ताण उरला नाही, म्हणून कळ उरली नाही. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पण खरे सांगायचे तर या गोष्टीतला माणूस एक नाही. दरवर्षी असे काही जण माझ्यासमोर बसतात.)

आज याच विषयावर लिहायचे आहे. दोन किडन्यांपैकी प्रत्येक किती काम करते, हे कसे मोजतात? ते मोजणे कधी गरजेचे असते, कधी नसते? आणि आपल्या वऱ्हाडात त्याला आत्ताच का महत्त्व आहे?

गाडी चालते, पण ओढतो कोण?

बैलगाडीला दोन बैल जुंपलेले असतात. त्यातला एक लंगडायला लागला आणि दुसरा तगडा असला, तर गाडी चालत राहते. बांधावरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. क्रिएटिनिनची तपासणी म्हणजे बांधावरून गाडी पाहणे. गाडी चालते की नाही एवढेच ती सांगते. कोणता बैल किती ओढतो, हे ती सांगू शकत नाही.

शरीराने ही व्यवस्था फार उदारपणे केली आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दोघी मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतात. एवढी ताकद शिलकीत असल्यामुळे एकूण गाळणक्षमता निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन बहुधा नॉर्मलच्या घरात राहते. एक किडनी हळूहळू मरत असेल तर दुसरी तिचे काम अंगावर घेते. त्यामुळे "रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे" आणि "दोन्ही किडन्या चांगल्या आहेत" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आपण ती एकच समजतो आणि तिथे फसतो.

सोनोग्राफी एक पाऊल पुढे जाते. किडनीची लांबी, बाहेरच्या सालीची जाडी, सूज, खडा, गाठ हे सारे ती दाखवते. ती स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि तालुक्यालाही होते. पण ती आकार दाखवते, काम नाही. फुगलेली किडनी उत्तम काम करत असू शकते आणि आकाराने बरी दिसणारी किडनी थकलेली असू शकते. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या मोटारपंपाने किती पाणी उपसले, हे पंपाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी पाटातले पाणी मोजावे लागते.

पाटातले पाणी मोजणारी तपासणी

रीनल स्कॅन हे पाटातले पाणी मोजते. शिरेतून एका औषधाचे अगदी अल्प प्रमाण देतात. त्या औषधाला टेक्नेशियम नावाचे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले असते. औषध रक्तातून किडनीत पोहोचते, तिथून लघवीत उतरते, आणि पाठीमागे ठेवलेला गॅमा कॅमेरा या प्रवासाची सलग नोंद घेतो. रुग्ण अर्धा-पाऊण तास शांत पडून राहतो. भूल नाही, चिरफाड नाही. सीटी स्कॅनला वापरतात ते आयोडीनचे औषध यात नसल्याने त्याची ॲलर्जी असणाऱ्यालाही ही तपासणी करता येते. किरणोत्सर्ग पोटाच्या सीटी स्कॅनपेक्षा बराच कमी असतो. तरीही गरोदर बाईला ती शक्यतो करत नाहीत आणि अंगावर पाजणाऱ्या आईने आधी सांगणे आवश्यक आहे.

औषधे दोन-तीन प्रकारची आहेत. डीटीपीए किडनीच्या गाळणीतून गाळले जाते, म्हणून त्यावरून गाळणक्षमतेचा अंदाज बांधता येतो. ईसी आणि मॅग-थ्री ही औषधे किडनीच्या नलिका रक्तातून ओढून घेतात. किडनी कमजोर असली तरी त्यांचे चित्र बरे येते. डीएमएसए हे औषध किडनीच्या सालीत चिकटून बसते. दोन-तीन तासांनी फोटो घेतले की सालीवर कुठे व्रण पडले आहेत ते दिसते. वारंवार ताप आणि लघवीचा संसर्ग होणाऱ्या लहान मुलांमध्ये ही तपासणी फार उपयोगाची ठरते.

अहवालात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, वाटणी. इंजेक्शननंतर दोन-तीन मिनिटांत कोणत्या किडनीने किती औषध उचलले, यावरून टक्केवारी काढतात. निरोगी माणसातही ती नेमकी ५०-५० नसते. ४५ ते ५५ च्या दरम्यान असली तर चिंता नाही. एखादी किडनी ४० च्या खाली गेली की आम्ही सावध होतो. प्रौढ माणसात ती दहाच्या खाली असेल, तर ती वाचवण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न उभा राहतो.

दुसरी गोष्ट, निचरा. मध्येच लघवी वाढवणारे इंजेक्शन देतात आणि किडनीत साठलेले औषध किती वेगाने खाली उतरते ते पाहतात. निम्मे औषध दहा मिनिटांच्या आत उतरले तर वाट मोकळी आहे. वीस मिनिटांहून जास्त लागले तर अडथळा असण्याची दाट शक्यता. मधला काळ म्हणजे संशयाचा प्रदेश. तिथे घाई न करता काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

या निचऱ्याच्या आलेखामुळे कित्येक शस्त्रक्रिया टळतात, हे मुद्दाम सांगते. हल्ली गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच बाळाच्या किडनीला सूज असल्याचे कळते. आईबाप घाबरून येतात. त्यातल्या पुष्कळ बाळांची सूज पुढे आपोआप कमी होते. स्कॅनमध्ये सुजलेल्या बाजूचा वाटा ४६ टक्के आला आणि निचरा ठीक असला, तर त्या बाळाला चाकू लावायची गरज नसते. लक्ष ठेवायचे, ठरलेल्या वेळी पुन्हा पाहायचे. वाटा उतरायला लागला तरच शस्त्रक्रिया. म्हणजे हीच तपासणी एकाला वेळेवर शस्त्रक्रियेकडे नेते आणि दुसऱ्याला अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचवते.

टक्के म्हणजे वाटा, ताकद नव्हे

आता एक सावधगिरीची गोष्ट. स्कॅनचा कागद हातात घेऊन लोक येतात आणि म्हणतात, "५०-५० आहे, म्हणजे सगळं ठीक." तसे नाही. टक्के हा फक्त वाटा आहे. दोन भावांत वावराची निम्मी निम्मी वाटणी झाली, एवढ्यावरून वावर किती एकर होते ते कळत नाही.

हिशेब करून पाहू. एका माणसाची एकूण गाळणक्षमता मिनिटाला ९० मिलिलिटर आहे आणि वाटणी ९०-१०. त्याच्या एका किडनीचे काम ८१, दुसरीचे ९. एक बाजू गेली, पण माणूस सुरक्षित आहे. दुसऱ्या माणसाची वाटणी सुरेख ५०-५०, पण एकूण क्षमता ३०. प्रत्येक किडनी १५ वर आलेली. त्याच्या कागदावर समसमान लिहिले आहे आणि तो डायलिसिसच्या दिशेने चालला आहे.

हा फरक वऱ्हाडात विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे किडनीचे दोन वेगवेगळे प्रश्न एकाच नावाने ओळखले जातात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर या तालुक्यांतली शेकडो गावे पिढ्यान् पिढ्या खारे पाणी पीत आली. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. या पट्ट्यातल्या अनेक विहिरी आणि बोअर या सुटीच्याही पलीकडे जातात. या गावांत किडनीच्या रोगाने माणसे जातात, हे गावकरी सांगतात आणि आम्हीही पाहतो.

पण सगळा दोष एकट्या पाण्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. मधुमेह आणि रक्तदाब इथेही वाढले आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दिवसभर वावरात राबणाऱ्याचे शरीर रोज कोरडे पडते. अंग दुखले की मेडिकलवरून वेदनाशामक गोळी घेण्याची सवय घरोघरी आहे, आणि कोरड्या पडलेल्या शरीरात ती गोळी किडनीला सर्वांत जास्त घातक ठरते. या सगळ्यांचा मार दोन्ही किडन्यांवर सारखाच बसतो. अशा रुग्णात वाटणीचा स्कॅन काढला तर तो ५०-५० च येणार, आणि त्यातून उपचाराला काही मिळणार नाही.

म्हणून खारपाणपट्ट्यात "किडनी स्कॅनचे शिबिर" घ्या अशी मागणी कुणी केली, तर मी तिला पाठिंबा देणार नाही. तिथे गरज आहे ती रक्तातल्या क्रिएटिनिनची, लघवीतल्या प्रथिनांची, रक्तदाबाची आणि साखरेची. या चार तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतात. दरवर्षी केल्या तर बिघाड कित्येक वर्षे आधी पकडता येतो. वाटणीचा स्कॅन हवा तो जिथे एका बाजूला घाव आहे तिथे: अडकलेला खडा, जन्मजात अरुंद वाट, एका बाजूची आक्रसलेली किडनी, किडनी काढण्याआधीचा निर्णय, आणि किडनी दान करण्याआधीची तपासणी.

सहा तासांचे औषध

मग ज्यांना हवी त्यांना ही तपासणी जवळ का मिळत नाही? नांदगाव पेठहून नागपूर सुमारे १४० किलोमीटर. अकोटच्या किंवा धारणीच्या माणसाला तर त्याहून कितीतरी लांब. सीटी स्कॅन तालुक्याच्या गावांपर्यंत येऊ लागले, मग गॅमा कॅमेरा का नाही? याचे कारण फक्त पैशात नाही. ते औषधाच्या स्वभावात आहे.

टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. सकाळी आठ वाजता जेवढे आहे त्याच्या निम्मे दुपारी दोनला, चतुर्थांश रात्री आठला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा हिस्सा. म्हणून ते रुग्णासाठी सुरक्षित आहे आणि म्हणूनच ते कपाटात साठवता येत नाही. रुग्णालयात आणतात ते त्याचे मूळ, मॉलिब्डेनम. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. शिशाच्या कवचातल्या एका छोट्या जनरेटरमध्ये ते असते आणि त्यातून रोज सकाळी टेक्नेशियम काढून घेतात. या क्षेत्रातले लोक त्याला गाय दोहणेच म्हणतात. पण ही गाय आठवड्याभरात आटते. सात दिवसांनी मॉलिब्डेनम जेमतेम सहावा हिस्सा उरते आणि नवा जनरेटर मागवावा लागतो.

मॉलिब्डेनम तयार होते अणुभट्टीत, आणि असे मॉलिब्डेनम पुरवणाऱ्या अणुभट्ट्या जगात मोजक्याच आहेत. २००९ च्या मे महिन्यात कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली. ती दुरुस्त होत असतानाच २०१० मध्ये नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी बंद करावी लागली. जगभरच्या रुग्णालयांत तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या. चॉक रिव्हरने २०१६ मध्ये हे उत्पादन थांबवले. पेटनची भट्टी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२४ मध्ये उशीर झाला, तेव्हा तीच काळजी परत डोके वर काढून गेली.

आपण या बाबतीत अगदी परावलंबी नाही. अणुऊर्जा खात्याने मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले ते १९६३ मध्ये. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत समस्थानिके तयार होतात आणि नवी मुंबईतली ब्रिट ही संस्था ती रुग्णालयांना पुरवते. वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून स्वतंत्र अणुभट्टी उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने मे २०२० मध्ये केली होती. ती भट्टी जेवढी लवकर उभी राहील, तेवढा आपल्यासारख्या भागांचा फायदा.

पण स्थानिक पातळीवर गणित साधे आहे. जनरेटर दर आठवड्याला आटणारच, त्यातून दोन रुग्ण तपासा की वीस. म्हणून अणुवैद्यक केंद्र मोठ्या शहरातच परवडते. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, प्रशिक्षित डॉक्टर आणि तंत्रज्ञ लागतात. प्रत्येक तालुक्याला गॅमा कॅमेरा ही मागणी म्हणूनच व्यवहार्य नाही. व्यवहार्य मागणी वेगळी आहे: जिल्ह्यातल्या रुग्णांची यादी करा, आठवड्यातला एक दिवस ठरवा, आणि त्यांना एकाच गाडीने नेऊन आणा. आज प्रत्येक रुग्ण एकटा जातो. सोबत एक नातेवाईक, दोघांचे भाडे, दोघांचा बुडालेला रोज. कधी कधी तारीख पुढे गेल्यामुळे परत एक खेप. हा हिशेब मनात करून तो म्हणतो, "पुढच्या महिन्यात पाहू." किडनीला पुढचा महिना नसतो. पूर्ण अडथळा एक-दोन आठवड्यांत सुटला तर बरीच ताकद परत येते. सहा आठवड्यांच्या पुढे फारसे हाती लागत नाही, असे आम्ही साधारणपणे धरून चालतो.

देणाऱ्याची उरलेली किडनी

या तपासणीचा सर्वांत नाजूक उपयोग किडनीदानात होतो. अमरावतीच्या शासकीय विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला सगळे सुपर स्पेशालिटी म्हणतात, २०१८ मध्ये किडनी प्रत्यारोपण सुरू झाले. शासकीय रुग्णालयात, आपल्याच शहरात हे होऊ लागले, ही वऱ्हाडासाठी मोठी गोष्ट. पुढे २०२३ मध्ये राज्य सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय घेतला. घेणाऱ्याचा विचार झाला, हे चांगलेच झाले.

पण प्रत्यारोपणाच्या खोलीत दोन रुग्ण असतात. दुसरा रुग्ण निरोगी असतो आणि आपल्या प्रेमापोटी रुग्ण होतो. आपल्याकडे ही दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते. आई, बायको, बहीण. तिच्या दोन किडन्यांची वाटणी मोजणे ही तिची सुरक्षा आहे. नियम साधा आणि न्यायाचा आहे: जास्त काम करणारी किडनी देणारीकडे राहिली पाहिजे. डाव्या किडनीची शीर लांब असते, म्हणून शल्यचिकित्सकाला डावी सोयीची. दोन्ही बाजू साधारण सारख्या असल्या तर डावीच काढतात. पण डावी ५६ आणि उजवी ४४ असेल, तर सोय बाजूला ठेवून उजवीचा विचार करावा लागतो. किडनी दिल्यानंतर उरलेली किडनी काही आठवड्यांत आपले काम वाढवते आणि एकूण क्षमता आधीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोहोचते. ही शिल्लक तिला पुढची तीस-चाळीस वर्षे पुरवायची असते.

आणि याच जिल्ह्यांची दुसरी, अंधारी बाजूही आठवली पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये अकोल्यात किडनी विक्रीचे प्रकरण उघडकीला आले. सावकारी कर्जात अडकलेल्या गरीब माणसांना किडनी विकायला लावल्याच्या तक्रारी होत्या, आणि काहींची शस्त्रक्रिया श्रीलंकेत झाल्याचे तपासात पुढे आले. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ पासून आहे, २०११ मध्ये तो अधिक कडक झाला, तरी हे घडले. त्या वेळी चर्चा झाली ती दलालांची, पैशांची, कोर्टाची. एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. त्या माणसांच्या पोटात उरलेली एकुलती एक किडनी किती काम करते? पुढे त्यांचा रक्तदाब कोण तपासते? जो माणूस लपून किडनी देतो, तो नंतर दवाखान्यातही लपूनच येतो, किंवा येतच नाही. माझे मत स्पष्ट आहे. किडनी कशीही गेलेली असो, कायद्याने दिलेली वा लुबाडलेली, ती गमावलेल्या प्रत्येकाला शासकीय रुग्णालयात वर्षातून एकदा, कुठलाही प्रश्न न विचारता, मोफत तपासणी मिळाली पाहिजे.

आता का?

नांदगाव पेठ झपाट्याने बदलते आहे. महामार्गालगतच्या वसाहतीत कापड कारखाने आले, औष्णिक वीज प्रकल्प आला. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. हजार एकरांवरच्या या पार्कमध्ये हजारो हात कामाला लागतील. त्याच वर्षी अमरावतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. रोजगार आणि वैद्यकीय शिक्षण एकाच वेळी दारात आले आहे.

कारखान्यातला उकाडा, पाळीतले काम, लघवीला जायला लागू नये म्हणून कमी पाणी पिणे (बायांमध्ये हे फार), आणि त्यातून खडे. हे चक्र मी रोज पाहते. त्यामुळे माझ्या अपेक्षा चार आहेत. पहिली, कामगारांच्या वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन आणि लघवी तपासणी असावी, आणि पूर्वी खडा झालेल्या प्रत्येकाची सोनोग्राफी. दुसरी, पाळीत पाणी पिण्याची आणि स्वच्छतागृहाला जाण्याची ठरलेली सुटी. हा किडनीचा सर्वांत स्वस्त उपचार आहे. तिसरी, जिल्ह्यात मूत्रमार्गाच्या अडथळ्याच्या रुग्णांची नोंदवही. सूज सापडली त्या दिवसापासून तारखा मोजल्या जाव्यात आणि रुग्ण आला नाही तर त्याला फोन जावा. चौथी, नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विस्तारात अणुवैद्यक विभागाचा विचार आत्तापासून व्हावा. पाच जिल्ह्यांच्या विभागाला एक केंद्र चालवण्याइतके रुग्ण नक्कीच आहेत. हाडांचे, हृदयाचे, थायरॉइडचे स्कॅनही त्याच यंत्रावर होतात.

वाचकांसाठी थोडेसे

खड्याचे दुखणे औषधाविना थांबले, तर आनंद मानण्याआधी एक सोनोग्राफी करा. खडा पडताना पाहिला नसेल तर तो पडला असे धरू नका. मूत्रवाहिनीत नळी, म्हणजे डीजे स्टेंट, टाकली असेल तर ती काढण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. ती विसरली तर तिच्यावरच खडे चढतात. रीनल स्कॅनला जाताना अर्धा लिटर पाणी पिऊन जा. उपाशी, कोरड्या पोटाने गेलात तर चांगल्या किडनीचाही निचरा मंद दिसतो. आधीचे सगळे फोटो आणि कागद सोबत न्या.

आणि एकाच स्कॅनवरून किडनी काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत घ्या. अडथळ्यात दबलेली किडनी खरी आहे त्याहून कमजोर दिसू शकते. आधी नळी टाकून वाट मोकळी करावी, चार-सहा आठवडे थांबावे, पुन्हा मोजावे. दाबाखाली ८ दाखवणारी किडनी कधी कधी २० वर येते.

त्या अडतिशीतल्या माणसाची आली नाही. नळी टाकली, वाट पाहिली, पुन्हा स्कॅन झाला. ८ चे ९ झाले. शेवटी ती किडनी काढावी लागली. आता तो एका किडनीवर आहे. रक्तदाबाची गोळी घेतो, कामावर पाण्याची बाटली नेतो, दर सहा महिन्यांनी न चुकता येतो.

मागच्या खेपेला तो एकटा आला नाही. त्याच्याच पाळीतला एक तरुण सोबत होता, थोडा लाजत, थोडा वैतागलेला. "याले काई होत नाई, मॅडम," तो मला म्हणाला. "मागच्या महिन्यात कुशीत लई दुखत होतं म्हने. आता बंद झालं म्हनते. म्हनूनच धरून आनला."

(लेखिका शासकीय रुग्णालयात फिजिशियन आहेत.)